काजळीला ऐकू येणारी सायकल

दगडोबाच्या सायकलीला मागून येऊन कोणी गाठलं नाही, असा दिवस गेल्या वीस वर्षांत उजाडला नसेल. मोटारसायकली पुढं जातात, टमटम जातात, उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या डुलवत जातो. एकदा तर बँडवाल्यांचा टेम्पो वाजवत वाजवतच पुढं गेला. दगडोबाला त्याचं काही सोयरसुतक नाही. तो डाव्या अंगाला सरकतो आणि जाणाऱ्याला ओरडून सांगतो, "जावा, म्होरं सांगून ठेवा, दगडोबा यायलाय!" कोणाला सांगायचं हे त्यानं कधी सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही.

उदगीरच्या रस्त्यावर त्याचं गाव. गावापासून तीन किलोमीटरवर शेत, शेतात पत्र्याचा गोठा, गोठ्यात काजळी नावाची म्हैस. तांबडं फुटलं की दगडोबा सायकलवरून गोठ्यात जातो, धार काढतो आणि तसाच पुढं उदगीरला नऊ घरी रतीब घालतो. वय त्रेसष्ट. सायकल सासऱ्यानं लग्नात दिलेली. सोबत घड्याळ आणि रेडिओही होता. घड्याळ बंद पडलं, रेडिओ लेकरांनी खोलून टाकला. "माझ्या बापानं दिलेल्या दोनच गोष्टी तुमच्याकडं टिकल्या," त्याची बायको धुरपता म्हणते, "एक सायकल आन् एक मी. दोन्ही आमच्याच गुणानं."

घंटी सोडून सायकलीचं सगळं वाजतं, असं म्हणतात ते हिच्याकडं बघूनच म्हणत असावेत. मागचा मडगार्ड खडखडतो, पायडल दर फेऱ्याला कुरकुरतं आणि कॅरिअरला अडकवलेली किटली वरून ताल धरते.

दगडोबाला खुपायच्या त्या फक्त बॅटरीवरच्या गाड्या. बाकीच्यांचा आवाज दुरून येतो, माणूस सावध होतो, काय ओरडायचं ते ओरडता येतं. या गाड्या मांजराच्या पावलानं येतात. गावात पहिली गाडी अण्णाराव गुरुजींनी घेतली आणि पहिल्याच दिवशी ते दगडोबाच्या कोपराजवळून सुळकन गेले. दगडोबाचं तोंड उघडेपर्यंत गुरुजी पुलापलीकडं. "च्यायला, ह्येला काय गाडी म्हंतेत?" तो घरी येऊन चिडला. त्याला रीतसर हरायचीसुद्धा सोय राहिली नव्हती.

आणि दिवाळीला त्याचा मुलगा सत्यम लातूरहून आला तो तसलीच गाडी घेऊन. सत्यम लातुरात एका क्लासच्या ऑफिसात कामाला आहे. गेल्या पावसाळ्यात बाप मुरमावरून घसरून कोपर फोडून बसला, तेव्हापासून पोराच्या जिवाला घोर होता. "बाबा, आता सायकल बास. ही घ्या," तो म्हणाला. गाडीला हार होता, नारळ फुटला होता आणि पोराच्या डोळ्यांत असा आनंद होता की दगडोबाच्या तोंडून नाही निघेना. सायकल तर त्याला सोडायची नव्हती. पण लेकराचं मन मोडायचं तरी कसं? त्यानं सायकल ज्वारीच्या पोत्यांमागं उभी केली आणि किल्ली हातात घेतली.

गाडी चांगली होती, खोटं कशाला बोला. तीन किलोमीटर चुटकीसरशी संपले. पण गोठ्यात पाय ठेवला तर काजळी दचकून उठली, फुसफुसली आणि लाथ झाडून मोकळी झाली. रोज पाच लिटर देणारी म्हैस अर्ध्या लिटरवर आली. आंबोण ठेवलं, पाठ थोपटली, गोड बोलून पाहिलं. ती पान्हा सोडेना.

"नजर लागली," धुरपतानं निदान केलं. "नवी गाडी समद्या गावानं बघितली. गाडीची नजर म्हशीवर गेली." तिनं मीठमिरच्या घेऊन आधी म्हैस उतरवली आणि मग, कसर नको म्हणून, गाडीही उतरवली. मिरच्यांचा ठसका अख्ख्या गल्लीला लागला, म्हणजे नजर जबरदस्तच होती. काजळीच्या गळ्यात काळा दोरा आला, गाडीच्या आरशाला लिंबू लटकलं. दुसऱ्या दिवशी दूध पुन्हा अर्धा लिटर.

त्या दिवशी सत्यम बोलून गेला. "बाबा, तुमाला गाडी नको आसंल तर सरळ सांगा. म्हशीला कशाला मधी घालायलात?"

दगडोबा त्या रात्री जेवला नाही. आयुष्यात त्यानं दुधात पाणी घातलं नव्हतं आणि आज पोटच्या पोरानं त्याला लबाड ठरवलं होतं. ते त्याला फार लागलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे बघतात तर रात्रभर लाइट नव्हती आणि गाडी मेलेली. रतीब तर चुकवायचा नाही. दगडोबानं पोत्यांमागून सायकल काढली. "मीबी येतो," सत्यम म्हणाला. म्हैस खरंच पान्हा चोरते की बाप, हे त्याला डोळ्यांनी बघायचं होतं. एकतीस वर्षांचा बाप्या कॅरिअरवर बसला, लहानपणी बसायचा तसाच, पाय आखडून, हातात किटली धरून. मडगार्ड खडखडला, पायडल कुरकुरलं.

पुलाचं वळण आलं. गोठा अजून लांब होता, दिसतसुद्धा नव्हता. तेवढ्यात तिकडून काजळीनं हंबरडा फोडला.

दगडोबाचा पाय थबकला. सायकल थांबली तसा हंबरही थांबला. त्यानं पुन्हा पायडल मारलं, म्हैस पुन्हा हंबरली. गोठ्यात पोचले तेव्हा ती दावं ताणून वाटेकडं तोंड करून उभी होती, कास तटतटलेली, सडांतून थेंब गळत होते. दगडोबानं खाली बसून हात लावायचा अवकाश, धार किटलीत वाजू लागली.

या वेताला काजळीचं रेडकू आठव्या दिवशीच गेलं होतं. तेव्हापासून ती पान्हावत होती ती या सायकलीच्या खडखडाटावर, आणि रोज येणाऱ्या दगडोबालाही ते ठाऊक नव्हतं. त्याला वाटायचं, म्हैस गुणाची आहे.

सत्यमनं भरलेली किटली उचलून सायकलीला अडकवली. "बाबा, चुकलं माझं," तो म्हणाला.

"तुझं कशाचं? मला तरी कुठं म्हाईत होतं?" दगडोबा म्हणाला आणि त्याला इतकं हलकं वाटलं की भर थंडीत त्यानं गमछाच काढून ठेवला.

घरी आल्यावर सत्यमचं तोंड मात्र उतरलेलं होतं. "मग ह्या गाडीचं काय करू? परत घेऊन जाऊ?"

"ठिव की," चुलीपुढून धुरपता म्हणाली. "मला शिकव."

धुरपता छप्पन्न वर्षांची. आजवर तिनं प्रवास केला तो एसटीत किंवा याच सायकलीच्या कॅरिअरवर. सुट्टीचे चार दिवस सत्यमनं तिला शाळेच्या मैदानावर फिरवलं. ती दोनदा पडली, एकदा गोलपोस्टला भेटून आली आणि पाचव्या दिवशी तिनं जाहीर केलं की उदगीरचा रतीब आता तिच्याकडं. नवऱ्यानं गोठ्यापर्यंतच यायचं.

सत्यम लातूरला परतला त्याच्या दुसऱ्या सकाळची गोष्ट. दगडोबा खडखडत पुलाच्या वळणावर आला होता. उजव्या कोपराजवळून काहीतरी सुळकन गेलं. हिरवं लुगडं, पदर कमरेला खोचलेला, आरशाला वाळलेलं लिंबू. या वेळी मात्र त्याचं तोंड वेळेवर उघडलं.

"जा! म्होरं सांगून ठिव, दगडोबा यायलाय!"

धुरपतानं वेग कमी केला, पण मागं वळून काही पाहिलं नाही. गाडी चालवताना मागं बघायचं नाही, हे पोरानं बजावलं होतं.

"कशाला सांगू?" ती पुढं बघतच ओरडली. "तिला ऐकू यायलंय की!"

आणि वळणापलीकडून काजळी हंबरली.