डावीकडचा ब्रेक

रॅलीसाठी गाडी निवडताना आमचा नियम एकच असतो: मोडली तर रडू येता कामा नये. म्हणून नवी नको, मोठी नको, आणि कोणी जिवापाड जपलेली तर मुळीच नको. जुनी, हलकी, पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी घ्यायची. तुर्भ्याच्या गॅरेजात नेऊन तिच्या मागच्या सीटा, गालिचा, छताचं अस्तर सगळं उपटून टाकायचं, आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा वेल्ड करून घ्यायचा, आणि सुट्टीच्या दिवशी कुठल्यातरी डोंगरातल्या कच्च्या रस्त्यावर ती जमेल तितक्या जोरात पळवायची. बक्षीस म्हणून कप मिळतो, तोही क्वचित. हौसेला मोल नसतं, दुसरं काय.

मी चालवते. नवरा शेजारी बसून वाचतो. आदल्या दिवशी रस्ता हळू फिरून त्याने प्रत्येक वळण लिहून घेतलेलं असतं, आणि स्पर्धेत ते तो मला हेल्मेटमधल्या माइकवरून सांगत राहतो. पुढचं वळण मला दिसायच्या आधी त्याच्या आवाजात येतं. सासूबाई म्हणायच्या, नवराबायकोंनी नाटकाला जावं, फार तर महाबळेश्वरला जावं; हे कसले भिकेचे डोहाळे! पण आमच्या संसारात मी त्याचं निमूट ऐकते अशी तेवढीच एक जागा होती, आणि ती आम्हा दोघांनाही प्रिय होती.

मागच्या वर्षी आमची गाडी उलटली. चूक कोणाचीच नव्हती. वळणावर गवतात एक दगड होता, चाक त्यावर चढलं आणि आभाळ खाली आलं. पट्ट्यांनी आवळलेले आम्ही उलटे लटकत होतो. इंजिन बोंबलत होतं आणि धूळ इतकी, की स्वतःचे हात दिसेनात. मी त्याला हाक मारली. पुन्हा मारली. सकाळपासून ज्या कानांत तो अखंड बोलत होता, तिथे काहीच नव्हतं. मग माणसं धावत आली, आम्हाला ओढून बाहेर काढलं. त्याचं खांद्याजवळचं हाड मोडलं होतं, मला तर खरचटलंही नव्हतं. माइकची वायर निघाली होती, हे नंतर कळलं. तेवढंच कारण. पण ते कळायच्या आधी, त्या धुळीत, मी विधवा झाले होते. हे घरी परतल्यावर कोणाला सांगणार? त्याला तर नाहीच. तोही त्या प्रसंगाविषयी कधी बोलला नाही.

हाड जुळलं. एका रविवारी मेथी निवडता निवडता तोच म्हणाला, "मग? दुसरी गाडी बघायची का?" मला आनंद झाला. गाडी काय, मिळेल. तो पूर्वीसारखा शेजारी बसेल का, हा प्रश्न होता. ओळखीतले एकदोघं माझ्याबरोबर यायला तयार होते, पण दुसऱ्या कोणाच्या आवाजावर डोळे झाकून गाडी वळवणं मला या जन्मी जमणार नव्हतं. तो बसला नाही तर हे सगळं संपलं.

पहिली गाडी दिवाळे गावच्या कोळीवाड्यातली. इंजिन खणखणीत, पत्रा ठीक, पण डिकी उघडली तर सुक्या बोंबलांचा असा भपकारा आला की डोळ्यांत पाणी आलं. मी नाकाला ओढणी लावल्यावर मालकीणबाई म्हणाल्या, "कसला वास? आमाला तं काय येत नाय." वासाचं मला काही नव्हतं, आतलं सगळं उपटायचंच होतं. खाडीच्या बाजूच्या रस्त्यावर ट्रायल घेतली. तो डावीकडे बसला. एक साधंसं वळण आलं, आणि मला बाजूने दिसलं, त्याचा उजवा पाय कचकन पुढे रोवला गेला. जिथे पेडल नसतं तिथे.

दुधाने तोंड पोळलेला माणूस, मी मनात म्हटलं. त्याला काही बोलले नाही. घरी येऊन "वास फारच होता" एवढंच म्हटलं.

दुसरी नेरूळच्या एका निवृत्त गृहस्थांची. सीटवरचं कारखान्याचं प्लास्टिक अजून तसंच. ते स्वतः मागे बसून आले आणि गाडीला लहान मुलासारखं चुचकारत होते. तेव्हाही तेच. तो बोलता बोलता गप्प झाला, पुढे वळण, आणि पाय रोवला. ती गाडी घेणं शक्यच नव्हतं, नियमाने आधीच बाद. पण माझी खात्री पटली, की हा घाबरलाय आणि मला सांगत नाहीये.

मी मात्र ठणठणीत आहे असं मी धरून चालले होते. तो आंघोळीला गेला आणि पाण्याचा आवाज थांबला की मी दाराशी जाऊन काहीतरी विचारायचे. कांदे आणायचेत का, गीझर बंद केलास का. "अगं, साबण तरी लावू देशील का?" तो आतून ओरडायचा. ओरडला की बरं वाटायचं. रात्री त्याचं घोरणं बंद पडलं तर मी त्याला कोपराने ढोसायचे. वर्षानुवर्षं ज्या घोरण्याला शिव्या घातल्या, ते ऐकायला मी जागी राहत होते.

आणि मग कामोठ्याची गाडी मिळाली. ड्रायव्हिंग स्कूलची. असल्या गाड्या कोणी घेत नाही, कारण शंभर नवशिक्यांनी त्यांचा क्लच जाळलेला असतो. पण तिला डावीकडेही ब्रेक होता, शिकवणाऱ्यासाठी. मला वाटलं, देवच पावला. याला दाबायला खरा ब्रेक मिळेल, धीर येईल, मग पुढचं पुढे. स्कूलवाल्या बाई तिथल्याच गावच्या, नऊवारीवर स्वेटर घातलेल्या. त्यांनी वाकून दाखवलं, "दोनी पेडलला येकच दांडी हाय. हा दाबला का तो पन खाली जातो." चावी देऊन त्या चहाला गेल्या.

कामोठ्यापलीकडे रस्ते झालेत आणि बिल्डिंगा अजून व्हायच्यात, अशा भागात मी गाडी नेली. माणूस नाही, सिग्नल नाही, भर दुपार. तो क्लचविषयी काहीतरी सांगत होता. मग थांबला. वळण जवळ आलं आणि गाडीचा जोर एकदम पडला.

"दाबलास ना?" मी म्हटलं. "दाब. त्यासाठीच आहे."

पुढच्या वळणाला पुन्हा तेच. तिसऱ्यांदा माझा तोल सुटला. "अरे, भीती वाटते तर तोंडाने सांग ना! वर्षभर मी तुझ्या कलाने घेतेय आणि तू—"

"खाली बघ," तो म्हणाला.

मी पाहिलं. तो सीटवर मांडी घालून बसला होता, पंगतीत बसल्यासारखा. चपला दाराशी काढून ठेवलेल्या. आणि त्याच्या बाजूचं पेडल खाली जात होतं. त्याच्यावर कोणाचाही पाय नव्हता. भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला.

दांडी एकच होती. पाय माझा होता.

गाडी थांबली. मीच थांबवली असणार. "दिवाळ्यालाही तूच ब्रेक मारत होतीस," तो म्हणाला. "नेरूळलाही. मी आदळू नये म्हणून पाय रोवायचो. मी गप्प झालो की तू दाबतेस."

मग मला सांगावंच लागलं. ती धूळ, त्या हाका, ते रिकामे कान. सांगताना मी रडत होते आणि रडण्याचा रागही येत होता.

तो पायाच्या बोटांकडे पाहत होता. "मीही मारत होतो," तो म्हणाला. "हाका. तुझ्याच नावाने. तू ओ दिली नाहीस. मला वाटलं, तू गेलीस."

वर्षभर आम्ही एका घरात राहिलो, एका टेबलावर जेवलो, लाइटबिलावरून भांडलो, आणि दोघंही एकमेकांना मेलेलं पाहून आलो होतो.

गाडी तीच घेतली. पदरी पडलं, पवित्र झालं. पिंजरा बसलाय, सीटा निघाल्यात. डावीकडचं पेडल काढल्याशिवाय स्पर्धेत घेणार नाहीत, म्हणून गॅरेजवाला सारखा मागे लागलाय. आम्ही उद्यावर ढकलतो. सरावाला निघालो की वळण नसलेल्या सरळ रस्त्यावरही मी मध्येच त्याला हाक मारते. तो ओ देतो. मग तो मारतो, आणि थांबून राहतो, मी ओ देईपर्यंत.