मुलाखतीची जाळी

वाशीच्या नव्या घरी आम्ही राहायला आलो, त्या सुमारास मी आठवड्यातून एकदा खाडीपलीकडच्या तुरुंगात जात असे. मी कर्णबधिरांच्या शाळेत शिकवत होते. तुरुंगातल्या डॉक्टरांनी एका कच्च्या कैद्यासाठी मला बोलावलं होतं.

तो पावणे गावचा तरुण. कारखान्याच्या आवारातून लोखंडाचे तुकडे उचलताना सापडलेला. गिनतीला, म्हणजे रोजच्या मोजणीला, कैदी जोडीजोडीने बसत. हा हाक मारली तरी उठत नसे आणि मागून कुणी हात लावला की अंगावर धावून जाई. डॉक्टरांनी त्याच्या पाठीमागे टेबलावर थाळी आपटली, तेव्हा मात्र तो वळला. ऐकू येतं, पण डोकं ठिकाणावर नाही, असं त्यांचं मत झालं. त्याला वेड्यांच्या इस्पितळात पाठवायचं घाटत होतं. तिथून माणूस कधी परतेल, याचा भरवसा नसे.

थाळी आपटली तेव्हा त्याचं कोपर त्याच टेबलावर होतं, त्याला हादरा कळला असणार, हे माझ्या लक्षात आलं. मी त्याच्या मागे थाळी हातात धरून वाजवली, तर तो ढिम्म.

"बहिरा असेल, बाई," डॉक्टर म्हणाले, "पण शहाणा आहे हे कशावरून?"

उत्तर नातेवाइकांच्या मुलाखतीच्या दिवशी मिळालं. जाळीच्या दोन्ही बाजूंनी माणसं किंचाळत होती, कुणाचं कुणाला कळत नव्हतं. एका टोकाला तो आणि त्याची आई मात्र निवांत बोलत होते, हातांनी. मिठागरात काम करताना लांबून बोलायला घरच्यांनीच त्या खुणा बसवल्या होत्या. पहारेकरी त्या खुणांनाच वेडाचे चाळे म्हणत.

मी डॉक्टरांना तिथे आणलं. त्यांनी विचारलं, कारखान्यातून का पळालास? आईने हात हलवले, त्याने उत्तर दिलं.

"तो म्हनतो, चौकीदार काठी घेऊन धावला म्हनून पलालो. त्यानं आधी हाक मारलेली, ती याला कशी कलंल? याला ऐकू येत नाय, डाक्तर, पन समजतं सगलं."

डॉक्टरांनी आणखी बरंच विचारलं. सगळी उत्तरं सरळ आली. मग ते जेलरना म्हणाले, हा इथेच राहील, गिनतीला जोडीदाराने याला समोरून खूण करावी. आईने पदराने डोळे पुसले.

निघताना डॉक्टरांनी तिला विचारलं, पोट दुखतं का, हे कसं विचारायचं?

"पोट धरा नि तोंड वाकडं करा," ती म्हणाली. "त्यात काय शिकायचंय?"

डॉक्टरांनी तसं केलं. जाळीपलीकडे तो पहिल्यांदाच हसला आणि मानेने नाही म्हणाला.