ही कॅसेट भरून घ्या

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि धुळ्याच्या एका कॉलेजनं वादविवाद स्पर्धेला विषय ठेवला होता: इंटरनेटवरच्या चोरट्या नकलांना नव्या कायद्यानं आळा घातलाच पाहिजे. आम्हा स्पर्धकांपैकी एकानंही इंटरनेट डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. जळगावात सायबर कॅफे निघालाय असं कळल्यावर मी एकदा गेलो होतो, आणि तासाचा भाव ऐकून दारातूनच मागे फिरलो होतो. पण बोलायला काय जातं? बाजारात तुरी असताना भांडायची हौस आम्हाला दांडगी होती.

माझ्या वाट्याला कायद्याची बाजू आली. दिल्लीत असा काही कायदा शिजतोय, एवढं पेपरात वाचलं होतं. इंटरनेटचं उदाहरण कुठून आणणार? म्हणून घरातलंच काढलं. बाबांचं.

बाबा दीपनगरच्या कोळशावरच्या वीजकेंद्रात कामाला होते. मूळचे साक्रीकडचे, त्यामुळे कॉलनीत इतकी वर्षं काढूनही घरात अहिराणीच बोलायचे. मी मात्र त्यांना पुस्तकी मराठीत उत्तर द्यायचो. जयंतीची गाणी ते स्वतः रचायचे आणि विहारात गायचे. माझ्या शाळेच्या दिवसांत एकदा त्यांच्या दोस्तांनी आमच्या क्वार्टरमध्ये स्टुलावर टेपरेकॉर्डर ठेवला आणि ढोलकी-पेटीसकट त्यांची गाणी भरून घेतली. त्या एका कॅसेटवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी, असं करत ती खानदेशभर गेली. जयंतीच्या दिवसांत दुकानदार ती भरून विकायचे. बाबांना त्यातलं काही मिळालं नाही, आणि मला ते फार झोंबायचं.

आता विचाराल, तू ती कॅसेट ऐकली होतीस का? नाही. ती गाणी मी भिंतीपलीकडून लहानपणभर ऐकत आलो होतो, तीही कानांत बोटं घालून. पुन्हा कॅसेट लावून ऐकायची मला गरज वाटली नव्हती.

स्पर्धेला बाबा आले ते रात्रपाळी करून. मी बोलावलं नव्हतं. मागच्या रांगेत डब्याची पिशवी मांडीवर घेऊन ते बसले होते आणि जागं राहायची खटपट करत होते.

मी तापलोच होतो. बाबांच्या नावानिशी कॅसेटची हकिगत सांगितली. "इंटरनेट उद्या येईल," मी म्हणालो, "पण चोरी आमच्या घरात केव्हाच शिरली आहे. माझ्या वडिलांचा आवाज बाजारात विकला जातो आणि माझे वडील मात्र राखेत काम करतात." तेवढ्यावर थांबलो असतो तर निभावलं असतं. पण टाळ्यांची चटक वाईट. मी हात लांब करून म्हणालो, "ते बघा, तिथे बसलेत. बाबा, जरा उभे राहा."

बाबा दचकून उभे राहिले. पिशवी कुठे ठेवावी ते त्यांना कळेना. ती काखेत धरून त्यांनी हात जोडले, सगळ्यांना जयभीम केला आणि माझ्याकडे पाहिलं, आता बसू का, अशा नजरेनं. टाळ्या कडाडल्या. मला वाटलं, जिंकलो.

परीक्षक धुळ्यातले वकील होते. त्यांनी मला विचारलं, "या कायद्याचा हात कुठवर पोचावा? नक्कल करणाऱ्यापर्यंत, विकणाऱ्यापर्यंत, की घरी बसून ऐकणाऱ्यापर्यंत?"

"तिघांपर्यंत," मी म्हणालो. "ऐकणारा चोर नाही का?"

विरुद्ध बाजूनं पाचोऱ्याची एक मुलगी उठली. साधी, आवाज बारीक. "मग पहिल्यांदा माझ्या आईला धरा," ती म्हणाली. "ही कॅसेट आमच्याकडे आहे. आईनं मामांकडून भरून घेतली, मामांनी मुक्ताईनगरला कुणाकडून तरी. हे ज्यांना लुबाडलेले म्हणतात, ते स्वतः शेवटी काय म्हणतात ते मला पाठ आहे. 'ही कॅसेट भरी ल्या, दुसरास्ले द्या. पैसा मांगू नका. ही गाना मना एकलाना नहीत, बठ्ठास्ना शेतस.'"

लोक हसले, मग मागे वळून बाबांकडे पाहू लागले. बाबांनी मान खाली घातली होती. मुलीनं पुढं काही सांगायला तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि "एवढंच," म्हणून ती बसली.

ज्या माणसानं आपली गाणी सगळ्यांची म्हणून स्वतःच्या हातानं वाटून टाकली, त्याला मी भर सभेत लुटलेला ठरवून उभं केलं होतं. तरी पहिला नंबर मलाच मिळाला. परीक्षकांना माझी तळमळ भावली म्हणे. फिरता करंडक घ्यायला गेलो तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परतीच्या एसटीत करंडक बाबांच्या मांडीवर होता, डब्याच्या पिशवीशेजारी. धुळं मागे पडल्यावर ते म्हणाले, "चांगला बोलना तू. पन माले उभं कराले नको व्हतं." मग डोळे मिटून झोपले. मी खिडकीबाहेर कपाशी बघत बसलो, आणि ते उठूच नयेत असं मला वाटत राहिलं.

बाबांकडे स्वतःची कॅसेट नव्हती. शेवटची कुणाला तरी देऊन टाकली होती. शेवटी शेजारच्या अक्कांकडून मागून आणली आणि बाबा बाहेर गेलेले पाहून लावली. नकलेची नक्कल असावी, कारण बाबांचा आवाज खरखरीच्या तळातून येत होता. पहिल्यांदाच मी सगळी गाणी कानांत बोटं न घालता ऐकली. मग शेवटी बाबांचं ते बोलणं आलं, भरी ल्या, दुसरास्ले द्या, मुलीनं म्हटलं तसं शब्दाला शब्द.

कॅसेट तिथे संपत नव्हती. कुणीतरी "आखो एक होऊ द्या" म्हणालं, ढोलकीवर थाप पडली, आणि आतल्या खोलीतून एका पोराचा चिडका आवाज आला: "बाबा, बंद करा ना ते केकाटणं. उद्या पेपर आहे माझा."

ढोलकी थांबली. मग बाबा, हळू: "बंद करा रे. पोऱ्याना पेपर शे." आणि खटका.

पाचोऱ्याच्या त्या मुलीनं हा आवाज लहानपणापासून ऐकलेला. माझं तोंड बघून तिनं तो गिळला होता. आणि तिच्यासारखी आणखी किती घरं असतील! आता कुठला कायदा घेऊन मी दारोदार जाणार होतो आणि तेवढंच पुसून मागणार होतो?

दुसऱ्या दिवशी बाबा पाळीला निघाले होते, तेव्हा धीर करून विचारलं, "बाबा, शेवटचं तेवढं पुसून का नाही टाकलंत?"

ते बुटाची नाडी बांधत होते. "कसाले पुसानं?" ते म्हणाले. "त्याम्हा तुना लहानपनना आवाज शे ना." दुसरी नाडी बांधून त्यांनी डबा घेतला आणि ते कामावर गेले.