कोंबडे कधी आरवतात

सौदीतल्या दम्मामच्या त्या ट्रॅव्हल ऑफिसातला रत्नागिरीकडचा कारकून नॉर्वेला कधीच गेला नव्हता. पण तिथल्या किनाऱ्याने उत्तरेकडे जाणाऱ्या बोटीची माहितीपुस्तिका उघडली, की पेन्सिलीच्या बोथट टोकाने तो एकेक बंदर दाखवी आणि बजावी, "खोली उजव्या हाताची घ्या. जाताना किनारा उजवीकडे राहतो."

आम्ही दोघांनी पुढच्या जूनसाठी तशीच घेतली होती. तेव्हा माझ्या बायकोने त्याला विचारलं होतं, "उन्हाळ्यात तिथे सूर्य मावळतच नाही ना? मग कोंबडे कधी आरवतात?" त्याने पुस्तिका पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळून पाहिली.

दिवाळीत ती वारली. जानेवारीत कुवेतवरून लढाई पेटली, आणि मी दोघांचंही आरक्षण रद्द करायला गेलो. ऑफिसच्या काचांवर बाँबच्या भीतीने चिकटपट्ट्या होत्या आणि मुंबईच्या तिकिटांसाठी रांग होती.

"वहिनींचं करतो," तो म्हणाला. "तुमचं कशाला? लढाई काय, जूनपर्यंत खलास."

"एकटा जाऊन काय करू?"

त्याने पुस्तिका काढली. समासात त्याच्या अक्षरात तिचा प्रश्न लिहिलेला होता.

"गेल्या जूनमध्ये जाऊन आलेल्या सगळ्यांना विचारलं, साहेब. फोटो ढीगभर आणले, पण कोंबड्याकडे एकानं बघितलं नाही. तुम्ही तरी बघून या."

मागून कुणीतरी "यल्ला, यल्ला" ओरडून घाई केली. त्याने मान वळवली नाही.

रद्द करायच्या अर्जावर मी फक्त तिचं नाव लिहिलं.