पंखाच्या टोकाचा हिरवा दिवा

मंडळी, रिडेव्हलपमेंटसाठी मुलुंडचं घर रिकामं करतोय. आज माळ्यावर जाड वायरचं एक भेंडोळं सापडलं, टोकाला हिरव्या काचेचा दिवा. मी तिथेच बसले.

१९८६ साल. बाबा गिरणीत वायरमन. सुट्टीच्या दिवशी सोसायटीच्या गच्चीवर लाकडाचं विमान बांधायचे. खेळण्यातलं नाही हां, माणूस बसेल असं! अख्खी सोसायटी हसायची, सगळ्यात जास्त आई.

उजव्या पंखाच्या टोकाला हा दिवा बसवायचा होता. बल्ब एवढासा, म्हणून बाबांनी घरात टाकतात तशी बारीक वायर टाकली. बारा व्होल्टची बॅटरी जोडली, तर दिवा नुसता मिणमिणला.

बाबा स्वतःवरच चिडले. "बॅटरीचे व्होल्ट कमी, म्हणून तेवढ्याच उजेडाक घरातल्यापेक्षा इथे करंट जास्त लागता, बारीक वायरीतच सगळो जोर जाता, ता इसरलंय! आणि लांबी मोजलंय फक्त जाण्याची. मोटारीत करंट पत्र्यातून परत येता. लाकडातून कसो येतलो? परतीची वायर पण मोजूक व्हयी!"

मग दुप्पट लांबी धरून ही जाड वायर आणली, दिव्याला जोडून ठेवली. बॅटरी लावायच्या आधीच बाबा गेले, हार्ट अटॅकने. विमान तिथेच थांबलं.

आज मी ती वायर स्कूटरच्या बॅटरीला लावली. दिवा लख्ख पेटला यार! सगळी खोली हिरवी झाली.

आई दिव्याजवळ येऊन बसली. मग हळूच म्हणाली, "तेंका सांग गो, दिवो पेटलो."

सांगा ना, कुठे जाऊन सांगू?