ग्रिसकेल्डांचा कप

हार्कडेलच्या खोऱ्यात कोणाच्याही घरी ग्रिसकेल्ड आडनावाचा माणूस आला, की त्याला चहा काठोकाठ भरून देत. इतरांना देतात तसा बोटभर कमी नाही, अगदी कडेला टेकलेला. मग घरातली बाई बशीत केक आणि चीजचा तुकडा ठेवायची, कोणी मेंढ्यांच्या भावाचं काढायचं, आणि सगळ्यांचे डोळे त्या कपावर. सांडला नाही, की गप्पा पुढे सुरू. याला कोणी दुष्टपणा म्हणत नसे. रीत होती म्हणे! रीत म्हटली की माणसाला लाजसुद्धा वाटेनाशी होते.

ॲनिस पीकॉकचा या रीतीत हात धरणारं कोणी नव्हतं. बाई त्रेचाळीस वर्षांची, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. चॅपलशेजारच्या घरातल्या दोन खोल्या ती डोंगर चढायला येणाऱ्यांना भाड्यानं द्यायची. वाईट नव्हती हो, भित्री होती. ग्रिसकेल्डांची खोऱ्यात दोन घरं, वरचं आणि खालचं. सात वर्षांची असताना तिनं वरच्या घरचा रूबेन ग्रिसकेल्ड पाहिला होता. ॲनिसच्या आईनं, हेस्टरनं, त्याला भरलेला कप दिला आणि त्याचा हात नाचायला लागला. कप फुटला, गरम चहा त्याच्या मांडीवर सांडला, आणि रूबेननं फुटक्या कपाकडे न बघता एकेका माणसाच्या तोंडाकडे बघितलं. ग्रिसकेल्डांच्या वंशातली ती थरथर, चार वर्षांत तो गेला. शेवटी घाससुद्धा गिळता येत नव्हता, स्वतःच्या बायकोला ओळखत नव्हता. ते बघणं ॲनिसच्या मानगुटीवर बसलं ते बसलंच.

आणि एके दिवशी तिची एकुलती एक लेक थिर्झा, पोस्टाच्या खिडकीवर काम करणारी, सरळ येऊन म्हणाली, "आई, जेमनं विचारलं. मी हो म्हटलं."

"कोण जेम?" खोऱ्यात जेम एकच होता, तरी ॲनिसनं विचारलं.

"सोंग नको करूस. जेम ग्रिसकेल्ड."

"अगं, त्या रक्तात काय आहे ठाऊक आहे ना तुला? रूबेन..."

"रूबेन वरच्या घरचा. ते घर तर संपलं. जेमच्या खालच्या घरात कोणाला झालंय, सांग बरं एक नाव!"

"झालं नाही म्हणजे व्हायचंय. आडनाव एकच ना?"

"आडनावाला हात असतात होय थरथरायला?" असं म्हणून पोरगी निघून गेली. मे महिन्यातल्या शेवटच्या शनिवारी लग्न ठरलंसुद्धा.

तेव्हापासून ॲनिसचा जीव टांगणीला. कोकरं जन्मण्याचे दिवस होते. काही ना काही निमित्त काढून ती खालच्या घराच्या दगडी बांधाशी जाऊन उभी राहायची आणि जेमचे हात बघायची. एकदा तो कोकराला बाटलीनं दूध पाजत होता आणि बाटली हलत होती. जेमनं वर बघितलं आणि हसून म्हणाला, "थंडी आहे हो, काकू. तुमचेही हात हलतायत की!" ती तडक घरी आली.

अशात एप्रिलमध्ये खोलीसाठी पत्र आलं. खाली सही क्लेमंट ग्रिसकेल्ड. डरहॅमकडचे निवृत्त मास्तर, आठ दिवस राहणार होते. आपलं आडनाव कुठून आलं आणि कुठंकुठं गेलं, याचा शोध घ्यायचं खूळ त्यांना लागलं होतं. आले तेच काखेत भिंतीला लावायच्या कागदाची जाड गुंडाळी घेऊन. पुढच्या बाजूला गुलाबाची फुलं, पाठीवर सहाशे वर्षांचे ग्रिसकेल्ड.

ॲनिसनं सवयीनं कप भरून पुढे केला. मास्तर कपाकडे बघून मोठ्यानं हसले. "वा! वाटेत चार घरी थांबलो, हे पाचवं. मला कमी चहा कोणी देतच नाही." त्यांनी कप उचलला, एक थेंब न सांडता निम्मा प्यायला आणि खाली ठेवला. "झालं समाधान, बाई?"

ॲनिस लाजेनं लाल झाली. पण भीती लाजेपेक्षा मोठी. तिनं विचारूनच टाकलं, "मास्तर, माझी लेक जेमला दिलीय. खरं सांगा, ती थरथर जेमला होईल का?"

मास्तरांना एवढंच हवं होतं. त्यांनी टेबलावर गुंडाळी उलगडली, दोन टोकांना साखरेचं आणि मुरंब्याचं भांडं ठेवलं. "हे बघा. खालच्या घरामागे झरा आहे ना? जुन्या काळी तिथं डुकरं पाणी प्यायची. ग्रिसकेल्ड म्हणजे डुकरांचा झरा. तिथं राहणारा एक जॉन, त्याचे आम्ही सगळे. राजेरजवाडे नाहीत, डुकरं! शिशाच्या खाणी बंद पडल्या तेव्हा काही जण डरहॅमच्या कोळशात गेले, काही कॅनडाला. फोनच्या डिरेक्टऱ्या चाळून, पत्रं टाकून मोजलेत मी. अख्ख्या जगात आम्ही त्रेसष्ट."

"आणि थरथर?"

"सांगतो. पाद्रीबुवा पुरताना वहीत मरणाचं कारण लिहायचे. सतराशे एक्क्याण्णवपर्यंत एकाही ग्रिसकेल्डापुढे थरथर नाही. त्या वर्षी वरच्या घरच्या नेथननं डोंगरापलीकडून बायको आणली, बार्बरी. थरथर तिची. पुढं जी झाली ती फक्त तिच्या लेकरांना. रूबेन तिच्या वंशातला. खालचं घर नेथनच्या थोरल्या भावाचं, त्याच्यात बार्बरीचा थेंब नाही. तुमचा जेम कोरा करकरीत."

ॲनिसनं एप्रनमध्ये तोंड लपवलं आणि रडली. इतक्या दिवसांचं ओझं उतरलं. "देव तुमचं भलं करो, मास्तर! आणखी केक घ्या."

मास्तर खुशीत आले आणि तिथंच थांबायचं सोडून बोलत राहिले. "खरी गंमत पुढंच आहे. लग्नात मुलीचं आडनाव जातं, रक्त थोडंच जातं? बार्बरीची लेक दायना, ही आल्डरसनांकडे दिली. कोणी तिच्या वंशाकडे बघितलंच नाही! मी रेघ ओढत आणलीय." त्यांचं बोट कागदावरून सरकत सरकत कडेशी आलं. "इथं थांबलोय. हेस्टर आल्डरसन, लग्न एकोणीसशे एकतीस, नवरा मेटकाफ. पुढं काय झालं तिचं? तुम्हाला कोणी हेस्टर ठाऊक आहे?"

ॲनिसच्या तोंडचं पाणी पळालं.

"नाही हो," ती म्हणाली. "हेस्टर काय, खोऱ्यात पुष्कळ होत्या."

हेस्टर तिची आई, ॲनिस माहेरची मेटकाफ. पंचेचाळिशीला तिच्या हातून भांडी पडायला लागली. चालताना झोकांड्या जायच्या, आरडाओरडा करायची. गावानं ठरवलं, बाई चोरून पिते. चॅपलला जाणारं, दारूला न शिवणारं घर, घरात बाटली कधी कोणाला सापडली नाही. तरी बाप कपाटं धुंडाळायचा आणि ॲनिस शरमेनं मान खाली घालायची. एक्कावन्नाव्या वर्षी हेस्टर ओढ्यात घसरून गेली. पुरतानाही लोक कुजबुजले की प्यायलेली असणार. आडनाव मेटकाफ होतं ना, म्हणून दारू! ग्रिसकेल्ड असतं तर आंधळ्यालाही कळलं असतं. जिनं उभा जन्म दुसऱ्याचे कप भरले, तिचा स्वतःचा कप मात्र कोणी भरून बघितला नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ म्हणतात ते हेच.

मास्तर गेले. ॲनिस रोज सकाळी दार लावून स्वतःसाठी काठोकाठ कप भरायची आणि उचलायची. सांडला नाही तर दुपारपर्यंतचा धीर. सांडला तर, घाईत उचलला म्हणून, असं स्वतःलाच सांगून पुन्हा भरायची. या आजाराचं असं, की आई-बापाकडून एका लेकराला येतो, एकाला येत नाही, आणि एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या त्या साली आधी कळायची काही सोय नव्हती. तिला आला असेल तर थिर्झालाही येऊ शकतो. पोरगी पोस्टात पार्सलं तोलायची आणि ॲनिस काचेबाहेरून तिची बोटं बघत उभी राहायची.

बोलावं तर लग्न मोडेल. न बोलावं तर, ज्या लपवाछपवीचा तिनं ग्रिसकेल्डांवर संशय घेतला, तीच तिच्या हातून होणार. लग्नाला नऊ दिवस उरले तेव्हा तिला सोसवेना. दुपारी ती खालच्या घरी गेली. स्वयंपाकघरात जेम आणि त्याचा म्हातारा बाप मॅथ्यू, दोघंच होते. तिनं कोट न काढताच एका दमात सगळं सांगितलं. बार्बरी, दायना, आई. शेवटी म्हणाली, "रक्त आमचं नासकं आहे, मॅथ्यू. तुमचं नाही. आता काय ते तुम्ही ठरवा."

मॅथ्यूनं चुलीवरची वाजणारी किटली उतरवली.

"थिर्झाला सांगितलंत?" जेमनं विचारलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"नाही. धीर होईना."

"आधी तिला सांगायचं, काकू. माझं काय, मी जन्मभर हीच भीती खात आलोय. तिला सवय नाही." तो उठला आणि खुंटीवरचं जाकीट काढायला लागला. "चहा प्या. मग मीही येतो बरोबर. दोघं मिळून सांगू."

मॅथ्यूनं कप मांडले आणि चहा ओतला. ॲनिसच्या पुढ्यात आलेला कप निम्माच होता. तिनं बाकीचे दोन बघितले, तेही निम्मेच.

"आमच्या घरात भरत नाही, पोरी," म्हातारा म्हणाला. "माझ्या आजीपासून नाही. काठोकाठ चहा आम्हाला बाहेर पुष्कळ मिळतो."

ॲनिसनं दोन्ही हातांनी कप उचलला. हात थरथरत होते, भीतीनं की आणखी कशानं, तिचं तिलाही कळेना. चहा निम्म्या कपात हिंदकळला, पण सांडला नाही. मॅथ्यू पावाला लोणी लावत होता, जेम जाकिटाची बटणं लावत होता, आणि तिच्या कपाकडे कोणीच बघत नव्हतं.