पहिल्या आठवड्याचा अर्धा दिवस

अन्याय माझ्या आईवर झाला. या दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी, धरमतर खाडीकाठच्या मिठागरावर. करणारा मुकादम. आधीच सांगून टाकते, नंतर कोणी 'चुकून झालं' म्हणायला नको.

मिठाच्या वाफ्यात पाणी घेण्याआधी त्याची जमीन पायांनी तुडवून घट्ट करतात. अनवाणीच, बुटाचे खड्डे पडले की मीठ मातकट येतं. बायका एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवून ओळीने तुडवतात. आजारपणानंतर, बाळंतपणानंतर कोणी परतली, तर पहिला आठवडा तिला अर्धा दिवसच ओळीत घ्यायचं, ही आमच्याकडची रीत. आई वर्षभर आजारी, रोह्याला माझ्या खोलीवर होती. तळवे मऊ पडलेले. मुकादमाने तिला पहिल्याच दिवशी संध्याकाळपर्यंत तुडवायला लावलं.

त्या संध्याकाळी मी रोह्याहून घरी पोचले तेव्हा ती उंबऱ्याशी पाय सोडून बसली होती. दोन्ही टाचांना फोड, एक फुटलेला. मी कोमट पाणी आणलं, तिचा पाय मांडीवर घेतला.

"सोड गो, ड्रेस भिजंल तुजा."

"भिजू दे."

तिचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून कॉलेजात शिकलेलं सांगत बसले. कातडीतली पेशी शेजारच्या पेशीला प्रथिनांनी धरून असते. ताण हळूहळू वाढला तर ही पकड घट्ट होते, पेशी तिथे आणखी प्रथिनं आणून लावतात. एकदम फार ताण पडला तर पकड सुटते आणि फटीत पाणी भरतं. तोच फोड.

"माज्या पायात प्रथिनं?" आई हसली. "घरातली डाळ तर सगली तूच खाल्लीस."

मलाही हसू आलं, पण राग गेला नाही. "मग दुपारी निघून का नाय आलीस?"

"माज्या खांद्यावर शेजारणीचा हात व्हता. पोटुशी हाय ती. मी निगले असते नि ती घसरली असती म्हंजे?"

दुसऱ्या दिवशी मुकादमाला जाब विचारला. म्हणाला, "माणसं कमी हायत, रीत कुठं धरून बसतेस?"

ती शेजारीण बाळंतपण उरकून पुढच्या हंगामात परतेल. तिचेही तळवे मऊ असतील. वाचून हळहळू नका. ती परतेल त्या सकाळी बांधावर या, आणि माझ्या शेजारी उभं राहून मुकादमाला तोंडावर सांगा: हिला अर्धाच दिवस.